भुऱ्या जेवत नव्हता

सातारा,
मंगळवार रात्र

प्रिय सुमे,

आईच्या तेराव्यानंतर तुझे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. रागावली असशील. माझे गुडघे बरे, साखर ठीक. लिहितेय ते आपल्या कुत्र्यापायी, भुऱ्यापायी.

गेल्या आठवड्यात त्याने जेवण सोडलं. वाटीपर्यंत आला, वास घेतला, ओठ चाटले आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन पडला. मला भडभडून आलं. म्हटलं, हा तिच्या हातची दूधभाकरी शोधतोय. दुसऱ्या दिवशी तिच्यासारखीच भाकरी कुस्करली, तिच्याच पाटावर बसून घास पुढे केला. त्याने तोंड फिरवलं. मग मीही जेवले नाही. दोघं उंबऱ्यावर बसून राहिलो. सुमे, आई गेल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा मला सोबत वाटली.

तिसऱ्या दिवशी त्याने जांभई दिली आणि हिरड्या दिसल्या. पांढऱ्याफटक.

डॉक्टरांकडे ताप निघाला १०४. कुत्र्याचं अंग एरवीही १०१-१०२ असतं, त्यामुळे हात लावून मला कळलंच नव्हतं. कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड. प्लेटलेट दोन लाखांच्या वर हव्यात, त्या ३८ हजार. गोचीडताप! वाटीपाशी येऊन, ओठ चाटून परत फिरतो म्हणजे त्याला मळमळतंय, ते म्हणाले. आणि मी त्याला विरह समजत होते. घरातलं माणूस गेलं की कुत्री खरंच कमी जेवतात, हेही त्यांनी सांगितलं. पण मोठं कुत्रं दिवसभर अन्नाला शिवलं नाही तर आधी तपासायचं, दुःखाचं मग बघायचं. मी घरातली तापाची गोळी देणार होते म्हटल्यावर तर ओरडलेच. आपल्या त्या गोळ्यांनी कुत्र्याचं यकृत नाहीतर मूत्रपिंड जातं म्हणे.

"प्राण्याचा माणूस करू नकोस." स्टँडवरून पोत्यात घालून तूच त्याला आणलंस आणि तेव्हापासून हेच ऐकवतेस. मी विणलेल्या स्वेटरवरून महिनाभर अबोला होता आपला. शेवटी भुऱ्यानेच स्वेटर फाडला आणि समतोल राखायला तुझी नवी चप्पलही. पण या वेळी तू इथे असतीस तर दोन दिवस वाया गेले नसते. हे मला झोपू देत नाही.

आता २८ दिवस डॉक्सीसायक्लिनची गोळी. नुसत्या पोटी द्यायची नाही, अन्ननलिका पोळते. म्हणजे आधी जेवायला हवं! मळमळ थांबायचं इंजेक्शन झालं, मग काल संध्याकाळी चिकन उकडून, कांदा-लसूण-मीठ काही न घालता, कोमट करून बशीत ठेवलं. कोमट असलं की वास सुटतो. त्याने बशी चाटूनपुसून साफ केली. आणि भरल्या पोटी परत त्याच उंबऱ्यावर जाऊन झोपला.

तुझं घर रंगवून झालं का? निखिलच्या निकालाचं कळव. रविवारी फोन कर, उचलते.

तुझी,
शालू