लेकरं घरीच वाढू द्या : मंडळीच्या बालनिधीसाठी आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधू-भगिनींनो, सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

जून जवळ आलाय, शाळा सुरू होतील, आणि दरवर्षी याच टायमाला कोणी ना कोणी पाळकसाहेबांकडे येतं की साहेब, या पोरांना कुठल्यातरी आश्रमात नाहीतर बोर्डिंगात लावून द्या. येणारी कोण असते तर आजी असते, मावशी असते, बऱ्याचदा नवरा गेलेली आई असते. त्यांना पोरं नकोशी झालेली नसतात हो, रडत रडत सांगतात, फक्त वह्या-पुस्तकं, व्हॅनचं भाडं, दूध, औषधपाणी हे सगळं मिळून जमत नाही. म्हणजे लेकराला माणसं आहेत, पैसा नाही, आणि आपण काय करतो तर त्याची माणसंच सोडवतो. म्हणून कमिटीने ठरवलंय की यंदाचा बालनिधी कुठल्या इमारतीला, खोल्यांना किंवा पलंगांना जाणार नाही, तो सरळ या घरांना जाईल.

वडीलधारी मंडळी म्हणतील की आपण नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, आपल्यातल्या कितीतरी घराण्यांची सुरुवातच मिशनच्या अनाथाश्रमातून झाली. खरंच आहे ते. 1896-97 आणि परत 1899-1900 च्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनने पोरं जगवली, दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायकांना आसरा दिला, ते उपकार आपण कधीच विसरणार नाही. पण तेव्हा माणसं उपाशी मरत होती, कितीतरी पोरांच्या पाठीमागे कोणी उरलंच नव्हतं. आज आजी आहे, काका आहे, पत्र्याचं का असेना घर आहे. आणि चांगल्यातल्या चांगल्या संस्थेत सुद्धा सांभाळणारी बाई ड्युटी संपली की घरी जाते, रात्री ताप आला तर उशाशी बसणारं एक ठरलेलं माणूस लेकराला लागतं ना.

शास्त्रात बघा, एस्तेरचे आईबाप गेले तेव्हा चुलतभाऊ मर्दखयाने तिला स्वतःची मुलगी म्हणून वाढवलं. मोशे फारोच्या मुलीला सापडला तरी दूध पाजायला त्याची सख्खी आईच आली, आणि त्याचं वेतन तिला मिळालं, निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आईला आधार देऊन लेकरू तिच्यापाशी ठेवणं हे इतकं जुनं आहे. याकोब 1:27 तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे, त्यात अनाथ आणि विधवा दोघांचाही संकटात समाचार घ्यायला एकत्रच सांगितलंय, तर मग विधवेला तिथेच ठेवून तिचं पोर तेवढं उचलून आणायचं हे मला तरी पटत नाही.

सरकारची मदत आहे, पण आपल्या लोकांना माहितीच नसते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात, दोन्ही पालक नसलेल्यांना आणि एकच पालक असलेल्यांनाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत स्पॉन्सरशिपचे, म्हणजे लेकरू घरीच वाढावं म्हणून, महिन्याला 4000 आहेत, त्याला उत्पन्नाची अट आहे. पण मृत्यूचा दाखला, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, पासबुक हे गोळा करता करता सत्तरीची आजी दमून जाते, मग अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे जायचं, आणि मंजूर झालं तरी पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही. तो मधला काळ आपल्याला भरून काढायचाय.

सध्या आपल्या यादीत नऊ घरं आहेत, त्यात चौदा लेकरं. एका लेकरामागे महिन्याला 1500 धरलेत, म्हणजे 21,000 रुपये दर महिना. एकट्याला जमत नसेल तर तीन घरांनी मिळून पाच-पाचशे द्या, पण वर्षभर द्या, मधेच थांबलं की त्या घराची परत ओढाताण होते. पैसे लेकराला सांभाळणाऱ्या माणसाच्या खात्यावर जातील, पावती मिळेल, हिशोब दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर वाचून दाखवू. मदत कुठल्याही जातीधर्माच्या लेकराला आहे, चर्चला यायची अट नाही. आणि कृपा करून मुलांचे फोटो मागू नका, ग्रुपवर टाकू नका, त्यांची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आपण टाकले नसते.

पैशापेक्षा जड मागणं पुढे आहे. काही लेकरांना खरंच कोणीच नसतं. त्यांच्यासाठी कुटुंबं हवीत. आपल्यात अजून समज आहे की ख्रिस्ती लोकांना दत्तक घेता येत नाही, फक्त पालकत्व मिळतं. 1890 च्या जुन्या कायद्याखाली तसंच होतं, पण बाल न्याय कायद्याने सगळ्या धर्मांच्या लोकांना दत्तकाचा पूर्ण हक्क दिलाय, सुप्रीम कोर्टानेही 2014 मध्ये ते स्पष्ट केलंय. दत्तकाची नोंदणी कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवर होते. काही काळापुरतं सांभाळायचं असेल तर फॉस्टर केअर आहे, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत. ओळखीतनं परस्पर कोणाचं बाळ घरी आणू नका, तो गुन्हा आहे. कुठे एकटं लेकरू दिसलं तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

येत्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये महिला मंडळाच्या बहिणी टेबल लावून बसतील, नाव तिथे नोंदवा. ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येतो अशी तरुण संघातली चार-पाच पोरं-पोरी हवीत, शनिवारी दुपारी दोन तास. रिक्षा किंवा गाडी असलेल्या भावांनी पण सांगा, आजींना तहसीलला न्यायला लागतं. आणि तुमच्या गल्लीत असं घर असेल तर नाव चिठ्ठीवर लिहून पाळकसाहेबांच्या हातात द्या, आम्ही जाऊन भेटू.

मंडळीची बालनिधी कमिटी