निघण्याआधी हिशेब करून जा

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू आणि निनाद कॅसिनोला निघालाय, हे ताईकडून कळलं. मी जुगारावर व्याख्यान झोडीन म्हणून तू मला सांगितलं नसशील. झोडत नाही. स्वतः कमावतोस, दोन दिवस मजा करायला चाललायस, जा. पण जन्मभर लोकांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे तुमचा बेत ऐकल्यावर हात शिवशिवायला लागले.

ताई म्हणाली, निनादकडे ‘पद्धत’ आहे. रूलेटवर, म्हणजे लाल-काळ्या आकड्यांच्या घरांत गोळी थांबते त्या फिरत्या चाकावर, लाल किंवा काळ्यावर पैसे लावायचे, हरलं की दुप्पट, पुन्हा हरलं की त्याच्या दुप्पट; कधीतरी जिंकणारच, आणि जिंकलं की मागचं सगळं वसूल होऊन वर पहिल्या डावाइतका फायदा. ऐकायला बिनतोड आहे. आता मांडून बघ. शंभर, दोनशे, चारशे, आठशे, सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे. सात डाव हरलात की 12,700 गेले, आणि आठव्याला 12,800 लावायचे, तेही शेवटी शंभर कमवायला! सलग सात वेळा कशाला हरू, असं निनाद म्हणेल. नुसत्या सातच फेऱ्या खेळलात तर त्याचं खरं आहे, शक्यता शंभरात एकाहूनही कमी. पण सात फेऱ्यांत तुम्ही थोडेच उठणार? अशी सातची रांग सरासरी दोनशे-सव्वादोनशे फेऱ्यांत एकदा लागते, आणि तासाला तीस-चाळीस फेऱ्या धरल्या तर तेवढ्या शनिवारी रात्रीतच होतील. शिवाय प्रत्येक टेबलाला कमाल मर्यादा असते, पाटीवर लिहिलेली. दुप्पट करत तिथे पोचलात की पद्धत तिथेच संपते आणि खड्डा तसाच राहतो.

चाकाशेजारी मागचे आकडे दाखवणारा फलक असतो. सहा वेळा काळं आलं की लोक लालवर तुटून पडतात, आता लालची पाळी म्हणून. चाकाला कसली पाळी? 18 ऑगस्ट 1913 रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत सलग 26 वेळा काळं आलं. पंधराव्या-विसाव्या फेरीपासून लोक लालवर पैसे ओतत राहिले आणि साफ झाले. कॅसिनो तो फलक फुकट लावतं, त्यातच काय ते समज.

आता शून्याचं गणित. एका शून्याच्या चाकाला 37 घरं असतात: एक ते छत्तीस, आणि लालही नाही काळंही नाही असं शून्य. तुझ्या आकड्यावर गोळी थांबली तर एकास पस्तीस मिळतात. एकास छत्तीस मिळाले असते तर खेळ बरोबरीचा झाला असता. तो एक घराचा फरक म्हणजे कॅसिनोचा वाटा, 2.7 टक्के. दोन शून्यांच्या चाकाला घरं 38 आणि देणं तेवढंच, त्यामुळे वाटा 5.26 टक्के. तसं चाक दिसलं तर सरळ पुढे चालायला लाग.

2.7 टक्के ऐकून तुला ते किरकोळ वाटेल. बहुतेकांची चूक इथेच होते. हे टक्के खिशातल्या पैशांवर लागत नाहीत, उलाढालीवर लागतात. पाच हजार घेऊन बसलास, दर फेरीला दोनशे लावलेस, दोनशे फेऱ्या खेळलास, तर टेबलावर एकूण 40,000 लावून झाले. त्याचे 2.7 टक्के म्हणजे 1,080. दोन शून्यांच्या चाकावर दोन हजारांवर. हे सरासरीचं झालं. प्रत्यक्षात उठताना तू दोन-तीन हजारांनी वरही असशील, त्याहून खालीही. पण जितका जास्त वेळ बसशील तितका तो वाटा कापला जाणार. तेव्हा कमी लाव, सावकाश खेळ. टेबलावर पैशांऐवजी चकत्या लावायच्या असतात, त्या चिप्स पैशांसारख्या वाटत नाहीत, एवढं मात्र ध्यानात ठेव.

ब्लॅकजॅक, म्हणजे एकवीसच्या वर न जाता बेरीज जमवायचा पत्त्यांचा डाव, खेळणार असशील तर कुठल्या हातावर पत्ता घ्यायचा आणि कुठे थांबायचं याचा तक्ता पाठ करून जा. तसं खेळणाऱ्याकडून कॅसिनोला फार थोडं सुटतं. टेबलावर काय छापलंय तेही वाच. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस, लागल्यावर शंभराला दीडशे देणारं टेबल घ्यायचं, एकशेवीस देणारं सोडायचं. पत्ते वाटणारा डीलर इन्शुरन्स विचारेल, म्हणजे त्याला ब्लॅकजॅक लागेल यावर वेगळी पैज; नाही म्हण. स्लॉट मशीनबद्दल लिहिण्यात शाई घालवत नाही.

खरं लिहायला बसलो ते पुढच्यासाठी. दोघं जाताय, तेव्हा रात्री अकराच्या सुमारास एकापुढे चिप्सची थप्पी असणार आणि दुसरा रिकाम्या हाताने बसलेला असणार. रिकामा म्हणणार, ‘दे ना पाच चिप्स, सकाळी देतो.’ चिप्स समोरच पडलेल्या, सरकवायला कितीसा वेळ लागतो? किती दिल्या, कोणी मोजत नाही. त्यावर तो जिंकला तर? देणाऱ्याला वाटतं, माझ्या पैशांवर जिंकला, निम्मे माझे. घेणाऱ्याला वाटतं, उसने घेतले तेवढे परत केले की झालं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही. मी भागीदाऱ्या मोडताना पाहिल्यात. मोठ्या रकमांचे कागद असतात, त्यांचा निकाल लागतो. मोडायचं ते अशा न लिहिलेल्या फुटकळ देण्यांवरून.

म्हणून जातानाच ठरवा. एकतर सगळं सामाईक: दोघांचे सारखे पैसे एकत्र, हार-जीत निम्मी-निम्मी. नाहीतर पूर्ण वेगळं, एकही चिप इकडची तिकडे होणार नाही. मधलं काही नको. निनाद चांगला मुलगा आहे, त्याला राग येणार नाही. आणि पहिल्याचे संपले की दुसऱ्याने अर्ध्या तासात उठायचं, हेही ठरवा. मित्राला ताटकळत मागे उभा ठेवून खेळलेला डाव मला तरी बघवत नाही. एटीएम कार्डं खोलीवरच ठेवा. त्यातूनही त्याने किंवा तू ‘गेलेले काढून आणतो’ अशी भाषा सुरू केली, की त्या क्षणी बाहेर पडा आणि मला फोन करा. वाजले किती ते बघू नका.

बरोबर ओळखपत्र घे, काही ठिकाणी त्याशिवाय आत सोडत नाहीत. रविवारी गाडी कोण चालवणार ते आधीच ठरवा आणि तो शनिवारी वेळेवर झोपू दे. आईने निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय, शुक्रवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
बाबा