शंभरावी पेटी

महोदय,

विक्रेत्याने ग्राहकाच्या गळ्यात नको ती वस्तू मारली की सगळे त्याच्या दानतीवर बोट ठेवतात. त्याला कमिशन कशावर मिळतं, हे कोणी विचारत नाही. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडल्याबद्दल २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. एवढी माणसं मुळातच बेइमान होती? एकेका ग्राहकाला आठ-आठ उत्पादनं विकायचा धोशा मात्र वरून होता.

सर्वांत घातक ती पूर्वलक्षी स्लॅब, म्हणजे टार्गेट गाठलं की आधीच्या विक्रीलाही वाढीव दर लावणारी. समजा, टार्गेट १०० पेट्यांचं आहे. त्याखाली ४ टक्के आणि टार्गेट गाठलं की सगळ्याच विक्रीवर ६ टक्के. ९९ पेट्यांवर कमिशन ३.९६ पेट्यांच्या किमतीइतकं, १०० वर सरळ ६. म्हणजे शेवटची पेटी विक्रेत्याने पदरमोड करून घेतली, तरी तो फायद्यात! मग तीस तारखेला ओळखीच्या दुकानदाराकडे माल ‘ठेवला’ जातो आणि पाच तारखेला परत येतो. उपाय साधा आहे: वाढीव दर फक्त टार्गेटच्या वरच्या विक्रीवर द्यावा. कमिशनला कमाल मर्यादाही नको, नाहीतर ती गाठलेला माणूस उरलेल्या ऑर्डरी पुढच्या महिन्यासाठी दाबून ठेवतो.

सूट देण्याचं गणितही असंच. १०० रुपयांच्या वस्तूवर २० रुपये नफा असताना १० टक्के सूट दिली, तर कंपनीचा नफा निम्मा होतो. विक्रीवर ५ टक्के कमिशन असेल, तर विक्रेत्याचं नुकसान जेमतेम अर्ध्या रुपयाचं. तो सूट देणारच. तेच कमिशन नफ्याच्या २५ टक्के ठेवलं, तर पूर्ण भावाला त्याला ५ च मिळतात, पण सूट देताच अडीच. भाव धरून ठेवायला वेगळं प्रशिक्षण द्यावं लागत नाही.

उधारीच्या धंद्यात निम्मं कमिशन बिलावर आणि निम्मं वसुलीनंतर द्यावं. माल परत आला तर त्यावरचं कमिशन पुढच्या कमिशनमधून वळतं करावं, पगाराला हात लावू नये. आणि हे नियम आधीच लेखी हवेत. निकष दोन, फार तर तीन. ज्या योजनेचा हिशेब विक्रेत्याला स्वतः करता येत नाही, तिचा त्याच्या वागण्यावर काडीचाही परिणाम होत नाही. चांगली विक्री केली म्हणून वर्षाच्या मध्येच टार्गेट वाढवणारे साहेब तर हात आखडता घ्यायलाच शिकवतात.

योजना लागू करण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांची खरी विक्री तिच्यात घालून प्रत्येकाचं कमिशन काढून पाहावं. सर्वांत जास्त माल परत आलेला माणूसच यादीत पहिला येत असेल, तर योजना अजून कच्ची आहे.

– एक वाचक