नर्सिंग चार्जेस नेमके कशाचे?

मा. संपादक,
स. न.

कालच्या ठाणे पुरवणीतली एका खासगी रुग्णालयातल्या परिचारिकांच्या 'बेजबाबदारपणा'ची बातमी वाचली. व्यवस्थापनाची बाजू चार परिच्छेद, नातेवाइकांची दोन, आणि त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टरची एक ओळसुद्धा नाही. शेवटी 'आमच्याकडे परिचारिकांची संख्या नियमानुसार आहे' हे ठेवणीतले वाक्य. तुमच्या वार्ताहराला त्यावर एकही प्रश्न सुचला नाही, याचे नवल वाटले. हेच वाक्य गेल्या पावसाळ्यात मला दुसऱ्या एका खासगी रुग्णालयात ऐकवले गेले होते.

सासूबाई 84 वर्षांच्या. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन छान झाले, डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही. पुढे दर दोन तासांनी कूस बदला, असे त्यांनी फाइलमध्येही लिहिले होते. खुब्याचे ऑपरेशन झालेल्या बाईची कूस बदलायला दोघी लागतात. एकीने पायांमधली उशी सांभाळायची, दुसरीने अंग वळवायचे. रात्री त्या मजल्यावर एक सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी. शेजारी अर्धांगवायू झालेले आजोबा, त्यांना नळीतून फीड. पलीकडच्या खोलीतले काका सलाइन उपसून चालू पडायचे. त्यात कॅज्युअल्टीतून नवा पेशंट वर आला की सिस्टर त्याच्या कागदांत अडकलीच. बिचारी लातूरकडची होती. 'आले हं आजी, दोन मिनिटं' म्हणत धावायची. पुढे पुढे बेल दाबायचीही मला लाज वाटू लागली. मग मी आणि जाऊबाईच त्यांना वळवू लागलो, पण टाके कुठे ताणले जातील या भीतीने धड जमेना. डिस्चार्जच्या आधीच माकडहाडाशी बेडसोअर झाला, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम.

आता बिल पाहा. 'नर्सिंग चार्जेस' रोजचे, वेगळ्या रकान्यात. त्याखाली एअर मॅट्रेसचे भाडे. त्याखाली बेडसोअरच्या ड्रेसिंगचे पैसे. म्हणजे कूस न बदलल्याचे पैसे एकदा आणि त्यापायी झालेल्या जखमेचे पुन्हा एकदा. हिशेब चोख आहे, नाही म्हणवत नाही!

ॲडमिनच्या साहेबांकडे गेले, तर 'मॅडम, आमचा रेशो (रुग्णांमागे परिचारिकांचे प्रमाण) नियमात बसतो' म्हणून त्यांनी यादीच पुढे सरकवली. माझी नणंद सरकारी रुग्णालयातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. तिने उभ्या उभ्याच यादी वाचली. त्यात मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका होती, ओपीडीतल्या मुली होत्या, बाळंतपणाच्या रजेवर गेलेलीही होती. सगळ्यांची बेरीज करून खाटांशी मेळ घातलेला. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, आयसीयूत एकास एक आणि रजेवर जाणाऱ्यांच्या बदली म्हणून वर 30 टक्के राखीव, असे आहे. 30 खाटा धरा. एका पाळीला 6, तीन पाळ्यांना 18, राखीव धरून 23-24 जणी हव्यात. सोसायटीच्या एका गेटवर चोवीस तास वॉचमन ठेवायचा तर किती माणसे लागतात, हे आमच्या सेक्रेटरींनाही ठाऊक असते.

आणि हा झाला नुसता खाटांचा हिशेब. नणंदेचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. त्या रात्री मजल्यावर सगळे हिंडते-फिरते पेशंट असते, तर एका सिस्टरने कसेबसे निभावलेही असते. कोण किती परावलंबी आहे, कोणाला दोघी लागतात, कोणावर सतत नजर हवी, हे दर पाळीच्या सुरुवातीला बघून माणसे लावायला हवीत. तुमच्या बातमीत कॅलिफोर्नियाचा दाखला मोठ्या चौकटीत आहे, पण नेमकी हीच गोष्ट गाळली आहे. तिथला परिचारिकांच्या प्रमाणाचा कायदा 1999चा, अंमल 2004 पासून. वॉर्डात पाचांमागे एक, आयसीयूत दोघांमागे एक, आणि तेही किमान. रुग्ण जास्त आजारी असतील तर त्याहून जास्त परिचारिका द्याव्या लागतात. एखादी जेवायला गेली तरी प्रमाण मोडता येत नाही. आमच्या सिस्टरचा डबा पहाटेपर्यंत काउंटरवर तसाच होता.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. नर्सिंग होम, म्हणजे खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा कायदा 1949 पासून आहे, आणि कर्मचारीवर्ग योग्य नसेल तर नोंदणी नाकारायची सोयही त्यात आहे. दर तीन वर्षांनी नूतनीकरण महापालिकाच करते. तेव्हा रात्री दोन वाजता कोणी मजल्यावर जाऊन माणसे मोजतो का, की सकाळी अकराला चहा घेऊन यादीवर सही होते? याच कायद्याखालच्या 2021च्या नियमांनी बंधनकारक झालेली रुग्ण हक्कांची सनद आमच्या रुग्णालयात वॉटर कूलरच्या मागे होती, वाचायला मान वाकडी करावी लागे. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याला महापालिकेच्याच रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले, तेव्हा मात्र समिती नेमायला वेळ लागला नाही.

महापालिकेने प्रत्येक मजल्यावर, या पाळीत किती रुग्ण आणि किती परिचारिका, एवढा फळा लावायला सांगावे. खर्च खडूचा. आणि तुमच्या वार्ताहराने आधी ड्युटीचा तक्ता मागावा, मग मथळा द्यावा.

ता. क. ज्या अंकात ही बातमी आतल्या पानावर आहे, त्याच अंकाच्या पहिल्या पानावर पानभर एका रुग्णालयाचीच जाहिरात आहे. हसऱ्या परिचारिका मी मोजल्या, सहा आहेत, पेशंट एक. शिवाय अशी जाहिरात असली की शब्दकोडे गायब होते, ते का? सासूबाई अंथरुणात आहेत, तेवढाच त्यांचा विरंगुळा आहे.

– एक जुनी वाचक, नौपाडा, ठाणे