मोज्यांखालचं पत्र

नागपूर, रविवार रात्र

चि. गौरी,

लष्करात अधिकारी व्हायला तू खडकवासल्याच्या एनडीएत निघालीस, त्यावरून काल जेवताना वाद झाला अन् मी ताट सरकवून उठलो, ते चुकलंच माझं. समोरासमोर मला धड बोलता येत नाही, म्हणून हे लिहून तुझ्या बॅगेत मोज्यांखाली ठेवतोय. गाडी वर्ध्याच्या पुढे गेली की वाच.

गुडघ्याबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

"आधी बी.टेक. कर, मग पदवीनंतरची सीडीएस परीक्षा दे, लष्करी अधिकारी घडवणारी चेन्नईची ओटीए कुठं पळून चालली?" असं मी म्हणालो, कारण व्हीएनआयटी कॉलेज घरून सायकलने दहा मिनिटांवर आहे. बाकी सगळे मुद्दे नंतर जुळवलेले. तू म्हणालीस, "ओटीए अकरा महिन्यांची. खडकवासल्याची तीन वर्षं अन् त्यानंतरच्या अकादमीतलं एक, मला तीच चार हवीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून ताट सरकवलं.

एनडीएच्या लेखी परीक्षेचे ९०० गुण आणि एसएसबीच्या, म्हणजे निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीचेही ९००. नुसता माणूस पाहून निम्मे गुण द्यायचे, हे माझ्यातल्या गणिताच्या मास्तराला कधी पटलं नाही. तरी तुझा सराव घ्यायला घड्याळ लावून मीच बसायचो. ६० शब्द, एकेकावर मनात येईल ते वाक्य लिहायला १५ सेकंद. 'भीती' शब्द आला की तू काय लिहायचीस, ते मी कधी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली एनडीएतून शिकून बाहेर पडल्या, ते कात्रण फ्रिजवरच राहू दे. तू आठवीत असताना, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, कोर्टाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या म्हटलं, तेव्हा मी पेपर घडी करून ठेवून दिला होता. आपल्या घरापर्यंत येईल, असं वाटलं नव्हतं.

पण ट्रेनिंगमध्येच दुखापत झाली अन् मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं, तर त्या पोरांना माजी सैनिकही म्हणत नाहीत. २०२५ साली सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, ती उगाच नाही. पदवी अर्धी, पाय अर्धा. भाऊकाकांचा पाय तू पाहिलास, त्याआधीचे भाऊकाका तू पाहिले नाहीत.

बघ, आलाच गुडघा.

"मेडिकलमध्ये डॉक्टरांनी वाकवून पाहिला, बाबा," म्हणतेस. त्यांनी वाकवून पाहिला. मी तो नववीत खो-खोच्या मैदानावरून उचलून आणलाय. म्हणून सांगतो, दुखलं तर लपवू नको. सिनियर हसतील म्हणून गप्प बसू नको. रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, सगळ्यांनाच बसतो म्हणे, पण रगडा वेगळा अन् सूज वेगळी, हे तुला कळलं पाहिजे. आणि सुजलेल्या पायाने धावण्यात कसलं शौर्य, सांग बरं... झालं, घेतला वर्ग. एकतीस वर्षांची सवय आहे, माफ कर.

तू चार वर्षांची असताना २६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला पाहायला गेलो होतो. त्या दिवशी तो सगळ्यांना खुला असतो. गर्दी म्हणून तुला खांद्यावर घेतलं होतं. तिथल्या जवानाला तू विचारलंस, "काका, तू इथे आहेस हे तुझ्या आईला माहीत आहे का?" त्याला मराठी येत नव्हतं. मी हिंदीत सांगितलं, तसा तो हसला, मग हसायचा थांबला. परतताना तू खांद्यावरच झोपलीस. किल्ल्यापासून बर्डीच्या स्टॉपपर्यंत तुझे दोन्ही गुडघे माझ्या हातांत होते.

आज सकाळी तर्री-पोह्याच्या टपरीवर चौघांना सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. पोहेवाल्याने पैसे घेतले नाहीत.

सोडायला आई येतेय. आजीजवळ कुणीतरी हवं, म्हणून मी राहतोय. हे कारण तुला पटणार नाही, तरी तेच असू दे.

नी-कॅप बाजूच्या कप्प्यात आहे. दोन आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. आजीला 'पुण्याला शिकायला चाललीय' एवढंच सांगितलंय. फोनवर सांभाळून बोल. कवायतीचं काही काढू नको.