पेन्सिलवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितो आहे. कुणी ओळखीचं वाचेल तर खूण एवढीच: ग्रॅव्हल सायकल (खडीच्या वाटांवर चालणारी, जाड टायरची), हँडलच्या बॅगेत घड्या पडून पडून मऊ झालेला कागदी नकाशा आणि कानामागे पेन्सिल.

मी त्या खिंडीत सायकल उलटी करून बसलो होतो. तुम्ही चढ संपवून आलात आणि पाय टेकायच्या आधीच विचारलंत, "पंक्चर की दम?" दोन्ही, असं मी म्हणालो. खरं म्हणजे दम जास्त होता, पण पंक्चरनं लाज राखली होती.

टायरचं आधी लिहितो. चाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये मी ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासली होती. टायर जेवढा कडक तेवढी मेहनत कमी, असा माझा डांबरी हिशेब. खडीवर तो उलटा पडतो. कडक टायर दगड पोटात घेत नाही, सायकलीसकट माणसाला वर उडवतो, आणि त्या उडवण्यात पायांची ताकद जाते. वर आत एवढा दाब, की चीर पडल्यावर सीलंट, म्हणजे भोक बुजवायला टायरमध्ये भरलेलं द्रव, तिथं थिजायच्या आधीच पिचकारीसारखं उडत होतं. तुम्ही चिरेत चिकट रबराची पट्टी खुपसलीत, माझं वजन विचारलंत (७० किलो), पंप मारलात आणि ३५ वर थांबलात. अजून थोडी मारा, असं मी म्हणालो, तर तुम्ही अंगठ्यानं टायर दाबून पाहिलात आणि माझं बोलणं ऐकूच आलं नसल्यासारखं केलंत. त्यानंतर आजवर मी चाळीसच्या वर गेलेलो नाही.

पण आभार मानायचेत ते नकाशाचे.

माझ्या मोबाइलमध्ये दोन वाटा होत्या. नदीकाठची ७८ किलोमीटर, ॲपच्या मते एकूण चढ १,९०० मीटर. डोंगराच्या धारा आडव्या ओलांडत जाणारी ६१ किलोमीटर, चढ १,६००. दोन्ही आकडे कमी असलेली वाट कोण सोडेल? तीन दऱ्या उतरून, तीन चढून, बाविसाव्या किलोमीटरला मी तुमच्यासमोर बसलो होतो आणि पुढे आणखी सहा दऱ्या वाट बघत होत्या.

तुम्ही मोबाइल माझ्या हातात परत दिलात, कागद दगडावर पसरलात आणि म्हणालात, "नदी कधी चढते का?"

मला आधी चेष्टाच वाटली. मग तुम्ही पेन्सिलीनं नदीच्या रेघेवरून जात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तिला कुठं कुठं छेदतात तिथं टिंबं द्यायला लागलात. एक रेषा म्हणजे २० मीटर. त्या अख्ख्या पट्ट्यात टिंबं झाली अकरा. म्हणजे नदीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक जेमतेम २२० मीटर. काठची वाट याहून जास्त चढते ती फक्त जिथं डोंगराची सोंड थेट पात्रात घुसलेली असते तिथं, कारण तेवढ्यापुरतं वाटेला सोंडेवरून उडी मारून जावं लागतं. त्या सोंडाही तुम्ही मोजल्यात: बारा. प्रत्येकीला दोन-तीन रेषा. सगळं मिळून साडेआठशेच्या आसपास. १,९०० नव्हेच.

मग ॲपला एवढे मीटर दिसले कुठून? तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत, मी घरी येऊन नीट वाचलं. अशा ॲपांमागचे उंचीचे आकडे बऱ्याचदा २००० सालच्या फेब्रुवारीत अवकाशयानातून रडारनं केलेल्या मोजणीतून आलेले असतात, आणि त्यातला बारीकात बारीक चौकोनही साधारण ३० मीटरचा. उघड्या माळावर काही बिघडत नाही. अरुंद दरीत मात्र वाटेचा एक बिंदू कड्याच्या चौकोनात पडतो, पुढचा पाण्याच्या, त्यापुढचा पुन्हा कड्याच्या. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो आणि ॲप इमानेइतबारे प्रत्येक दात चढात धरतं. म्हणजे ज्या वाटेवर चढ सगळ्यात कमी, तीच ॲपमध्ये सगळ्यात अवघड ठरते! माझ्यासारखे किती जण या करवतीला घाबरून धारांवर जाऊन मरत असतील कोण जाणे.

दुसरी युक्ती पेन्सिलीची. १:५०,००० च्या नकाशावर (एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर) दोन समोच्च रेषांमध्ये चार मिलिमीटर अंतर असेल तर चढ १० टक्के. दोन असेल तर २०, आणि सुट्या खडीवर २० टक्के म्हणजे उतरून ढकलणं आलं. पट्टी कुठं शोधायची, तर पेन्सिलच आडवी ठेवायची. तिची जाडी सात-साडेसात मिलिमीटर. दोन रेषांच्या मध्ये ती मावली तर चढ सहा टक्क्यांच्या आत, म्हणजे सीटवर बसून, मागचं चाक न घसरता निघता येतं. तेव्हापासून मी रूट असेच आखतो. आधी कागदावर पेन्सिल फिरते, ॲप शेवटी उघडतो.

रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गाबद्दल तुम्ही ओझरतं बोललात. तोही धरून ठेवला. आगगाडीला तीन टक्क्यांचा चढसुद्धा जड, त्यामुळे तिच्यासाठी कापलेली वाट सायकलीला कधीच दगा देत नाही. उतारावर वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही, हेही सांगितलं होतंत. ते मात्र मला एकदा कोपर सोलून घेतल्यावरच पटलं.

आता कबुली. एवढं सगळं समजावून तुम्ही म्हणालात, "आज मात्र काठानं जाऊ नकोस. डांबरी रस्त्यानं परत जा." मी मनातून चिडलो होतो. लख्ख ऊन होतं. तुम्ही खोऱ्याच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलंत, तिथं आभाळ शाईसारखं झालं होतं. "आपल्या डोक्यावर काय आहे ते बघायचं नाही. पाणी तिकडून येतं." परतीच्या रस्त्यावरच्या पुलावरून मी तीन तासांनी खाली पाहिलं. वाट जिथं पात्र ओलांडते तिथले दगड, ज्यांच्यावरून मी सायकल खांद्यावर घेऊन जाणार होतो, दिसतच नव्हते. गढूळ पाणी होतं आणि त्यात अख्खी फांदी गरगरत जात होती. मी पुलावर बराच वेळ उभा राहिलो.

पुढच्या महिन्यात, कोरड्या आठवड्यात, ती वाट पूर्ण केली. माझ्या सायकलवरच्या मीटरला हवेच्या दाबावर उंची मोजणारा बॅरोमीटर आहे. त्यानं चढ दाखवला ८७० मीटर. सोंडा मी मोजत गेलो. बाराच. सातवी जरा लबाड आहे, ती संपली असं वाटतं आणि वळणामागून पुन्हा वर येते. सकाळी दरीत थंड हवा साचून राहते हे मी विसरलो होतो, त्यामुळे पहिला तास बोटं गिअर बदलायला नकार देत होती. बाकी दिवस पाण्याच्या आवाजाशेजारून गेला.

नकाशावर एका ठिकाणी तुम्ही गोल करून प्रश्नचिन्ह काढलं होतंत, दगडी पुलापासून जंगलाच्या फाटकापर्यंत. "इथं मी गेलेले नाही," असं म्हणाला होतात. मी गेलो. अंतर तीन किलोमीटर. पहिला दीड किलोमीटर बसलेला मुरूम, उत्तम. मग चारशे मीटर भुसभुशीत वाळू, ४० मिलिमीटरचा टायर रुततो, ढकलावं लागतं. ५० चा असेल तर कदाचित निघेल. त्यापुढे चाकोरीत पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा, पण डाव्या कडेला हातभर सपाट पट्टी आहे, ती धरावी. फाटक नुसतं लोटलेलं असतं. ओलांडल्यावर परत लावून घ्यावं.

तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे. टोक केलं नाही, आडवी ठेवायला तशीच बरी पडते.

तुमचा,
खिंडीतला पंक्चरवाला