कोजागरी : दूध रात्री, पण चंद्र संध्याकाळीच बघायला या

सभासदहो, नमस्कार.

कोजागरीला दरवर्षीप्रमाणे बी विंगच्या गच्चीवर जमायचं आहे. फक्त या वेळी साडेनऊला नाही, संध्याकाळी सहालाच या. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतो त्याच सुमाराला पूर्वेला उगवतो. आपण दूध आटेपर्यंत खाली थांबतो आणि नेमकं तेच हुकतं. हडपसरच्या बाजूला इमारतींच्या मागून तो तांबूस, धुरकट असा वर येतो आणि चांगला परातीएवढा वाटतो. वाटतो म्हणजे नुसता वाटतोच. हात लांब करून करंगळीचं नख समोर धरा, चंद्र अख्खा झाकला जाईल. रात्री डोक्यावर आल्यावर परत धरून बघा, तेवढाच भरेल. मुलांकडून हे जरूर करून घ्या.

दुर्बीण असेल तर आणा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, त्यामुळे विवरांच्या सावल्या दिसत नाहीत. मात्र दक्षिणेकडच्या टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे याच दिवशी झकास दिसतात. हे विवर सुमारे ८५ किलोमीटर रुंद आहे.

गच्चीवरचे दिवे बंद राहतील, जिना जपून चढा. दूध, केशर, चारोळी समितीकडे. पेला आपापला, कागदी नकोत. गेल्या वर्षी दूध खाली लागलं ते माझ्यामुळे, त्यामुळे ढवळायला दोघं हवेत. नावं आजच कळवा.

परतीचा पाऊस आलाच तर क्लब हाऊसमध्ये भेंड्या.

— सचिव